प्रश्नमंजूषेतील ते ३ सेकंद

ए-३०२ : माननीय अध्यक्ष व सचिव, २७ फेब्रुवारीच्या प्रश्नमंजूषेत झटपट फेरीसाठी प्रत्येक विंगला ६० सेकंद होते. आमच्या वेळी लॅपटॉप अडल्यामुळे वेळ मोबाइलवर मोजली गेली. बी विंगच्या वेळी मात्र पडद्यावरचे पॉवरपॉइंटचे घड्याळ लावले, जे माझ्या स्टॉपवॉचनुसार ६३ सेकंद चालले. त्यांचे अकरावे उत्तर त्या जादा ३ सेकंदांतच आले.

बी-१०४ : काका, गोदावरी कोणत्या समुद्राला मिळते, हे सांगायला नाशिककराला ३ सेकंद लागत नाहीत. तुमच्याच बाजूने मागून कोणीतरी ‘अरबी समुद्र’ असे ओरडले होते.

ए-५०१ : तो आमचा नातू होता आणि तो दुसरीत आहे. लहान मुलाला यात ओढू नये, ही नम्र विनंती.

ए-३०२ : नियम ६० सेकंदांचा होता.

सचिव : घड्याळ बी-२०४ च्या चिरंजीवांनी केले होते. त्यांनीच खुलासा करावा.

बी-२०४ : काकांचे म्हणणे बरोबर आहे. मी घरी पुन्हा मोजले, तेव्हा ६३ सेकंदच भरले. मी ६० ते १ असे आकडे एकामागून एक ‘आफ्टर प्रीव्हियस’ने, म्हणजे आधीचा संपल्यावरच पुढचा सुरू होईल असे, लावले होते आणि प्रत्येकाला १ सेकंदाचा डिले, म्हणजे सुरू होण्याआधीचा थांबा, दिला होता. मात्र आकडा बदलताना जो फेड इफेक्ट, म्हणजे आकडा हळूहळू उमटण्याचा परिणाम, ठेवला, त्याचा वेळ त्या सेकंदाच्या वर पडत गेला. दर आकड्याला सेकंदाचा विसावा भाग जरी वाढला, तरी ६० आकड्यांत ३ सेकंद होतात. हेतू वाईट नव्हता.

बी-१०४ : मग प्रत्येक आकड्याची वेगळी स्लाइड करून ती दर सेकंदाला आपोआप पुढे जाऊ द्यावी.

ए-४०३ : त्यातही तीच खोड आहे, कारण ट्रान्झिशनचा, म्हणजे एक स्लाइड जाऊन दुसरी येण्याचा, वेळ दर स्लाइडला वाढतो. साखळी लावली की चूक साठत जाणारच. त्याऐवजी सर्व आकडे ‘विथ प्रीव्हियस’वर, म्हणजे सगळ्यांची मोजणी एकदमच सुरू होईल असे, ठेवून ५९ ला १ सेकंदाचा, ५८ ला २ सेकंदांचा, असे शेवटपर्यंत चढते डिले द्यावेत, म्हणजे प्रत्येक आकडा एकाच आरंभापासून मोजला जातो आणि एकाचा उशीर दुसऱ्याला लागत नाही. इफेक्ट साधा ‘अपिअर’, म्हणजे आकडा एकदम दिसणारा, असावा. आकड्यांच्या चौकटींना पार्श्वभूमीचाच रंग भरून त्या एकावर एक ठेवल्या, तर जुना आकडा आपोआप झाकला जातो. आकड्यांचा हट्ट नसेल, तर ६० सेकंदांत पुसली जाणारी एकच पट्टी सर्वांत सोपी.

बी-६०२ : मॅक्रो, म्हणजे फाइलमधलाच छोटा प्रोग्राम, लिहून संगणकाच्याच घड्याळावरून वेळ घेता येईल.

ए-४०३ : येईल, परंतु दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मॅक्रो बंद असले, तर ऐन कार्यक्रमात आकडा हलणार नाही. मागच्या गणेशोत्सवात आरतीच्या शब्दांचे काय झाले, ते आठवावे.

बी-६०२ : त्या वेळी वायर सैल होती, हे मी तेव्हाही सांगितले होते.

खजिनदार : नव्या वायरचे पैसे अद्याप मला मिळालेले नाहीत.

ए-३०२ : नियम ६० सेकंदांचा होता.

अध्यक्ष : बक्षिसाचा चिवडा दोन्ही विंगांनी मिळून खाल्लेला आहे, याची नोंद घ्यावी.

बी-२०४ : दुरुस्त फाइल पाठवत आहे. मी तीनदा मोजली. काकांनीही मोजून पाहावी. मध्येच माउस क्लिक केल्यास घड्याळ पुढे उडी मारते, एवढे सांभाळावे.

ए-३०२ : मोजले. बरोबर ६० सेकंद भरले, मुलाने काम चांगले केले आहे. आता त्या अकराव्या उत्तराचे काय करायचे, ते अध्यक्षांनी सांगावे.