मदत हवी आहे: कलोनमध्ये साडेचार तास, सोबत आई-बाबा

मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही ॲमस्टरडॅमहून माइन्झला भावाकडे जातोय. मध्ये जर्मनीतल्या कलोनला गाडी बदलायची आहे. मुद्दामच उशिराची गाडी घेतली, कारण स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोरच कॅथेड्रल! 1248 मध्ये सुरू झालेलं काम 1880 मध्ये संपलं म्हणे. (आमच्या सोसायटीची लिफ्ट आठवली.)

मनोऱ्याच्या 533 पायऱ्या बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, मी एकटाच चढेन. आई-बाबांना तेवढा वेळ आत बसता येईल ना? रविवार आहे, प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना थांबवतात असं ऐकलंय.

नंतर होहेनझोलर्न पुलावरून, जोडप्यांनी कठड्याला लावलेली ती प्रेमाची कुलुपं बघत, ऱ्हाइनच्या पलीकडे जाऊन परत यायचा बेत आहे. पलीकडून कॅथेड्रलचा फोटो छान येतो. बाबांच्या चालीने जाऊन-येऊन किती वेळ धरू? जुन्या शहरातल्या दगडी फरशीवर आईची चप्पल चालेल की बूटच घालायला लावू?

आणि मुख्य म्हणजे सामान. स्टेशनातल्या लॉकरमध्ये मोठी बॅग राहते का? तीन मोठ्या बॅगा आहेत, त्यातली एक निव्वळ भाजणी, लोणची आणि मेतकुटाची.