मोरबीच्या भट्ट्या हरित लवादाने विझवल्या?

सुमेधा_क
काल इथे कुणीतरी लिहिलं की हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायाधिकरणाने, कोळशापासून भट्टीसाठी गॅस करणारे गॅसिफायर बंद केले आणि गुजरातेत मोरबीतल्या फरशी कारखान्यांच्या कामगारांच्या पोटावर पाय दिला. वाचून संताप झाला. बंदी मार्च २०१९ची. बहुतेक भट्ट्या महिनाभर बंद राहिल्या त्या ऑगस्ट २०२२मध्ये. गॅस परवडेना आणि मालाला उठाव नव्हता म्हणून. मधली तीन वर्षं कारखाने चाललेच ना?

फरशीवाला_सांगली
ते कालचं मीच लिहिलं होतं. चालले, पण कशावर? कोळसा गेला आणि सगळे एका गॅसच्या पाइपलाइनला बांधले गेले. युक्रेनचं युद्ध पेटलं, गॅसचा भाव चढला, मालक काय करणार? आणि जीएसटी विसरलात! फरशीवर आधी २८ टक्के, १८वर आणला नोव्हेंबर २०१७मध्ये. तोवर आम्ही दुकानदार पार झोपलो.

सुमेधा_क
पुढे कितीतरी जण पाइपलाइन सोडून प्रोपेनवर, म्हणजे टाकीतून येणाऱ्या गॅसवर, गेलेच की. आणि गॅसिफायरचं डांबरासारखं विषारी पाणी ओढ्यानाल्यांत सोडत होते, ते चालवून घ्यायचं?

जुना_फिटर
मी तिथे मेंटेनन्सला होतो. कामं गेली ती ठेकेदाराच्या माणसांची. ओडिशा, झारखंडची पोरं. हजेरी ठेकेदाराच्या वहीत. भट्टी बंद झाली की गाडी पकडून गावी जा. नोटीस नाही, भरपाई नाही. आमच्या पाळीतला एक जण प्रेस खात्यात, म्हणजे जिथे कोरडी भुकटी दाबून फरशी करतात तिथे, धूळ खाऊन खोकायला लागला. गावी टीबीची औषधं घेत राहिला. निघाला सिलिकोसिस, दगडी धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार.

फरशीवाला_सांगली
विषय नोकऱ्यांचा आहे, आजाराचा नाही. मास्क लावायचा.

जुना_फिटर
कापडी फडक्याने ती धूळ अडत नाही! बारा तास तिथे उभे राहा, मग मास्क सांगा. विषय तोच आहे. सिलिकोसिस कायद्याच्या यादीतला, कामामुळे होणारा आजार आहे. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नाव असतं तर त्याला पेन्शन लागली असती. नावच नाही, म्हणून काम गेलं तेही कुठे नोंदलं नाही, छाती गेली तीही नाही.

फरशीवाला_सांगली
ईएसआय भरायला लावलं की छोटे कारखाने आणखी बंद पडतील.

सुमेधा_क
म्हणजे माणसाच्या फुप्फुसावर चालणारा कारखाना वाचवायचा?

फरशीवाला_सांगली
शब्द तोंडात घालू नका. ईएसआय हवा, मान्य. तेवढंच. गॅसचं माझं मत बदललेलं नाही.

जुना_फिटर
मग पुढची गाडी भरून घ्याल तेव्हा मालकाला विचारा, प्रेसवरच्या माणसांची नावं कुणाच्या रजिस्टरला आहेत.