एका दिवसाची बस आणि रॉकीजचे डोंगर: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
आज आईचा जाड स्वेटर उन्हात टाकायला काढला, तर खिशात बसच्या तिकिटाची घडी सापडली. कॅनडातल्या बॅन्फ गावाहून कोलंबिया आइसफील्ड या बर्फाच्या पठारापर्यंत, सकाळी जाऊन रात्री परत. येत्या श्रावणात आईला जाऊन तीन वर्षं होतील. तिकिटावरची शाई उडालीये, पण तो दिवस अख्खा डोळ्यांसमोर आला.

आई खिडकीशी, मांडीवर दशम्यांचा डबा. पीटो लेकच्या वरच्या कठड्यापाशी उतरवलं तेव्हा कितीतरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, हा तर माझ्या मोरपंखी शालूचा रंग." गाइड सांगत होता, हिमनदी सरकताना खालचा खडक दळते, ते बारीक पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की असा रंग दिसतो. मी मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे जातंच की."

मनातून जात नाही ते मात्र अथाबास्का हिमनदीपाशी घडलं. बर्फाचं टोक कुठल्या साली कुठवर होतं त्याच्या पाट्या लावल्यात वाटेवर. १९९२च्या पाटीपाशी आई थबकली. माझ्या धाकट्या भावाचं जन्मसाल. पाटीवर हात ठेवून वर बघितलं, बर्फ केवढा लांब गेलेला! "हा पाळण्यात होता तेव्हा बर्फ इथं होता?" एवढंच बोलली. परतताना डबा उघडलाच नाही तिने.

तुम्ही गेला असाल अशा बसने तर लिहा. कुठलेही डोंगर चालतील.

गडभटक्या
वाचून गलबललो ताई. सविस्तर लिहितो, आत्ता लोकलमध्ये उभा आहे.

कॅलगरीची_सून
सासूसासरे आले की आमची ठरलेली वारी. ज्यांना जायचंय त्यांनी लक्षात ठेवा, मोरेन लेकला २०२३पासून स्वतःची गाडी नेता येत नाही, शटल किंवा टूरची बसच. सासऱ्यांना तळ्यापेक्षा बॅन्फजवळच्या हायवेवरचे प्राण्यांचे पूल आवडले. वर माती, गवत, झाडं, आणि त्यावरून अस्वलं-हरणं रस्ता ओलांडतात, खालून गाड्या. घरी येऊन फोनवर सगळ्या नातेवाइकांना तेच सांगत होते. कुकर झाला, येते परत.

धुक्यातली_वाट
आम्हाला पीटो लेक दिसलंच नाही. पाऊस, धुकं, कठड्यापलीकडे नुसतं पांढरं. वीस मिनिटं दिली होती, ती संपली, चला बसा. लेकीने वर्षभर पैसे साठवून आम्हाला पाठवलं होतं, तिला काय सांगू म्हणून बसमध्ये डोळे भरून आले. शेजारच्या सीटवरच्या आजींनी, भाषा येत नव्हती मला त्यांची, आपल्या फोनमधला आदल्या दिवशीचा फोटो दाखवला. लेकीला फोनवर त्या आजींबद्दलच सांगितलं मी.

रूळप्रेमी
कुणी बॅन्फशेजारच्या योहो नॅशनल पार्कला गेलं नाही का? तिथले रेल्वेचे स्पायरल टनेल, १९०९ सालचे. आधीचा उतार साडेचार टक्के होता, गाड्या घसरायच्या. मग डोंगरात गोल बोगदे खणून तो निम्म्यावर आणला. आमचा ड्रायव्हर चांगला माणूस, मालगाडी येतेय म्हटल्यावर पाच मिनिटं जास्त थांबला. इंजिन बोगद्यातून बाहेर पडलं आणि वर बघतो तर त्याच गाडीचे शेवटचे डबे अजून आत शिरतायत! कर्जतला घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन, बँकर, लागताना बघत वाढलेला माणूस मी, अंगावर काटा आला.

कॅलगरीची_सून
@रूळप्रेमी, फील्ड गावाजवळचे ना? पुढच्या खेपेला मामंजींना दाखवतेच.

नीरा_काठ
त्या आइसफील्डचं पाणी तीन महासागरांना जातं. पॅसिफिक, आर्क्टिक, आणि हडसन बेमार्गे अटलांटिक. बाबा ऐकून हात जोडून उभे राहिले. म्हणाले, महाबळेश्वरला पाच नद्या, इथे तीन समुद्र.

जास्परकर
मी दोन उन्हाळे आइसफील्डच्या पलीकडच्या जास्पर गावात हॉटेलात काम केलंय. टूरच्या बसेस आल्या की जेवणघरात पाय ठेवायला जागा नसायची. जुलै २०२४च्या वणव्यात गावातल्या साधारण एक तृतीयांश इमारती गेल्या. मी राहायचो ती गल्लीही. जे जातील त्यांनी गावात थांबून जेवा, काहीतरी विकत घ्या. नुसते फोटो काढून बसमध्ये चढू नका, एवढीच विनंती.

गडभटक्या
घरी पोचलो. जास्परकर, वाईट वाटलं हो. तुमचे तिथले सोबती सुखरूप आहेत ना?

जास्परकर
हो, सगळ्यांना वेळेत बाहेर काढलं होतं.

मिरगाचा_पाऊस
मला घाटात बस लागते, मी कसली रॉकीज बघतेय! आवळासुपारी चालते का कुणाला? आणि रानजाई, त्या दशम्या गुळाच्या होत्या का? टिकतात किती?

रानजाई
गुळाच्याच. कणीक दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब नाही, म्हणून दोन दिवस सहज टिकतात. बस लागणाऱ्यांना आलेपाक बरा, आई तोही ठेवायची पर्समध्ये.

मिरगाचा_पाऊस
दुधात गूळ फुटत नाही का?

रानजाई
दूध गार हवं. गरम दुधात गूळ टाकलात तर फाटलंच म्हणून समजा.