एमआरआय अर्धवट सुटला, मॉडिफायर ५२ लावू की ५३?

नवाकोडर:
यूएस बिलिंगमध्ये नवीन आहे, रेडिओलॉजी कोडिंगला जेमतेम तीन महिने झालेत, सांभाळून घ्या. ब्रेन एमआरआय विथ अँड विदाऊट कॉन्ट्रास्टची (आधी तसाच, मग शिरेतून औषध देऊन) ऑर्डर होती म्हणजे बिलिंग कोड ७०५५३, विदाऊटचे सगळे सिक्वेन्स झाले आणि कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधीच पेशंटने बेल दाबली, पुढे नको म्हणाली. टेक्निशियनच्या नोटमध्ये एवढंच आहे. मी ७०५५३ ला ५३ (कोडच्या मागे जोडायचा मॉडिफायर, प्रोसिजर थांबवली असं सांगणारा) लावला, ऑडिटमधून परत आलं. सीनियर म्हणतो ५२ (म्हणजे काम कमी झालं) लाव, का ते सांगत नाही.

रेडवाली:
दोन्ही नको. जे झालं, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायचा एमआरआय, त्याला स्वतःचा कोड आहे ना, ७०५५१. रेडिओलॉजिस्टने तेवढ्याचा रिपोर्ट दिला असेल तर सरळ ७०५५१, मॉडिफायर काहीच नाही. ऑर्डर बघून कोड टाकायची सवय आत्ताच मोडा, सगळे तिथेच फसतात. झालेल्या भागाला स्वतःचा वेगळा, कमी कामाचा कोडच नसेल तेव्हा ५२. उदा. स्लीप स्टडी ९५८१०, रेकॉर्डिंग ६ तासांपेक्षा कमी भरलं की ५२.

जुनाखेळाडू:
+१. ५३ हा डॉक्टरच्या बिलावरचा, पेशंटच्या जिवाला धोका दिसला किंवा तशीच अडचण आली म्हणून सुरू केलेली प्रोसिजर थांबवली तर. कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) स्कोप स्प्लेनिक फ्लेक्शरच्या (आतड्याचं डावीकडचं वळण) पुढे गेला पण सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) पोचला नाही तर ४५३७८-५३, आणि फ्लेक्शरच ओलांडला नाही तर ती सिग्मॉइडोस्कोपी (फक्त शेवटच्या भागाची तपासणी) झाली, ४५३३०. हॉस्पिटलच्या बिलावर मात्र ७३ आणि ७४ असतात, अ‍ॅनेस्थेशिया द्यायच्या आधी थांबलं तर ७३ (मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, निम्मे देतं), दिल्यावर थांबलं तर ७४, पूर्ण. तुमच्या केसमध्ये अ‍ॅनेस्थेशियाच नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

नवाकोडर:
मग ट्रेडमिल टेस्ट? ती तर कितीदा मधेच थांबवतात.

जुनाखेळाडू:
अहो, छातीत दुखलं, ईसीजी बदलला म्हणून थांबवली तर तोच रिझल्ट! ट्रेडमिलचा कोड ९३०१५ पूर्ण लागतो. थांबवली म्हणजे अर्धवट असं नसतं. पाय दुखला म्हणून दोन मिनिटांत उतरला आणि हाती काहीच लागलं नाही, तर वेगळी गोष्ट.

नवाकोडर:
आत्ता रिपोर्ट उघडला, टेक्निकच्या भागात (तपासणी कशी केली ते) चक्क 'नॉन-कॉन्ट्रास्ट' लिहिलंय आणि मी ऑर्डरच बघत बसलो होतो 🤦 ७०५५१ करतो.

रेडवाली:
आणि सोबत झेड५३.२ मधला डायग्नोसिस कोड (तपासणी का झाली नाही ते सांगणारा), पेशंटने स्वतः नाही म्हटलंय म्हणून. बेल का दाबली ते टेक्निशियनला विचारा, कारण कळलं तर .२९, नाहीतर .२०.