हाचिओजीहून सायकलने शहराच्या कडेला आणि डोंगरात जाण्यासाठी मार्ग कसे आखावेत?

सापनकाठ (अचलपूर तालुका)

नमस्कार मंडळी. येत्या एप्रिलपासून नोकरीनिमित्त टोकियोच्या पश्चिमेकडील हाचिओजी शहरात माझा मुक्काम राहणार आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सायकलने चढण्याची सवय असल्यामुळे चढाची भीती नाही. परंतु नकाशा पाहिला तर तिथे वस्ती कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो, हेच उमगत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी येता येईल असे रस्ते कोणते, आणि सायकल इथून न्यावी की तिथेच घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वरुडची ताई

भाऊ, सायकल तिथेच घ्या. विकत घेतानाच दुकानदार चोरीप्रतिबंधक नोंदणी करून देतो, आणि टोकियोत एप्रिल २०२० पासून सायकलस्वाराला विमा सक्तीचा असल्यामुळे तोही त्याच वेळी उतरवून घ्यावा. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. मात्र पादचाऱ्यांना बाजूला करण्यासाठी घंटी वाजवत जाणे तिथे नियमाला धरून नाही. मागून हळू यावे, गरज पडल्यास उतरून चालावे.

सुरुवातीलाच डोंगराकडे न वळता नदी धरा, असे मी सुचवीन. हाचिओजीतून वाहणारी आसाकावा नदी हिनो शहराच्या हद्दीत तामा नदीला मिळते. दोन्ही नद्यांच्या बांधावरून सायकलची वाट आहे, आणि तामा नदीच्या काठाने वर गेल्यास हामुराचा बंधारा लागतो. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने तिथे थोडा वेळ थांबलेच पाहिजे, कारण एदो शहराला, म्हणजे आजच्या टोकियोला, पाणी पुरवण्यासाठी १६५३ साली खोदलेला कालवा याच ठिकाणी सुरू होतो. सुमारे ४३ किलोमीटरच्या अंतरात त्याला एकूण उतार मिळतो तो केवळ ९२ मीटरांचा, आणि तेवढ्यावर पाणी वाहते ठेवण्यासाठी त्या काळच्या लोकांनी जमिनीची पातळी किती बारकाईने मोजली असेल, याचा विचार कालव्याची कामे पाहिलेल्या कुणाच्याही मनात येईल. हामुराच्या पुढे ओमे गाव आहे. तिथे दोन्ही बाजूंचे डोंगर एकदम जवळ येतात आणि तुम्ही विचारलेली ती सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते.

मेळघाटवाला

ताईंचे म्हणणे योग्य आहे, पण चिखलदरा चढणारा माणूस बांधावर फार दिवस रमणार नाही. ताकाओवरून जाणारी ओतारुमी खिंड ४०० मीटरांच्या आतच आहे आणि चढही सौम्य आहे. पहिल्या सकाळी तीच घ्यावी. त्याच परिसरातील वादा खिंडीची उंची ६९० मीटर असली तरी हाचिओजीच्या बाजूने शेवटचे सुमारे साडेतीन किलोमीटर सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास चढतात, त्यामुळे हलक्या गिअरची सायकल नसेल तर तिथे पायीच जावे लागेल. उंचीवरून चढाचा अंदाज बांधू नये, असे मला वाटते ते याच खिंडीमुळे.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर मुसाशी-इत्सुकाइची या रेल्वे स्थानकाहून हिनोहारा गावामार्गे काझाहारी खिंड गाठावी. तिची उंची ११४६ मीटर, म्हणजे जवळपास आपल्या चिखलदऱ्याएवढीच आहे. पलीकडे उतरले की ओकुतामा सरोवर लागते; १९५७ साली पूर्ण झालेल्या ओगोउची धरणाचा हा जलाशय आहे. खिंडीचा रस्ता रात्री बंद ठेवतात आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ साचतो, म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच महिने चांगले. खाण्यापिण्याचे सामान इत्सुकाइचीलाच भरून घ्यावे, कारण पुढे चोवीस तास उघडी असणारी दुकाने हळूहळू दिसेनाशी होतात. त्या जंगलात काळी अस्वले आहेत, त्यामुळे पिशवीला लहानशी घंटा बांधलेली बरी. तिथे ती वाजली तर कुणाची तक्रार नसते.

सापनकाठ

दोघांचेही आभार. ताई, सरोवरापर्यंत गेल्यावर अंधाराआधी हाचिओजीला परतणे शक्य आहे का?

वरुडची ताई

उन्हाळ्यात सवय असलेल्याला शक्य आहे, पण डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडच्यापेक्षा तासाभराहून अधिक लवकर. शिवाय सरोवरापासून ओकुतामा स्थानकापर्यंतच्या रस्त्यावर एकामागून एक बोगदे आहेत, म्हणून पुढचा आणि मागचा दिवा भर दुपारीही चालू ठेवावा.

परतीसाठी रेल्वे वापरा. ओमे मार्गिकेचे ओकुतामा हे शेवटचे स्थानक आहे, त्यामुळे गाडी तिथूनच सुटते आणि जागा मिळते. सायकलची चाके काढून ती खास पिशवीत पूर्ण झाकली, तर जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाड्यांत वेगळे भाडे पडत नाही. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज २५० सेंटिमीटरच्या आत आणि वजन ३० किलोच्या आत असावे लागते. खोगीर किंवा हँडल बाहेर डोकावत असेल तर स्थानकावरचे कर्मचारी आत सोडत नाहीत. डब्याच्या अगदी टोकाच्या भिंतीला टेकवून पिशवी उभी ठेवावी, दाराजवळ नको. पिशवी पाचशे-सहाशे ग्रॅमचीही मिळते; ती घेतल्यावर घरीच एकदा चाके काढून भरण्याचा सराव करा, कारण सायंकाळी थंडीने बोटे आखडलेली असताना फलाटाबाहेर ते काम शिकणे फार त्रासाचे होते.