पेव्हरचे अंगण खचले, बागेची भिंत कलली: दुरुस्ती करताना काय बदलावे?

प्रश्न (सीबीडी बेलापूर):
पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आमचे बैठे घर आहे. मागील अंगणात पावसाळ्यापूर्वी ठेकेदाराकडून 60 मिमी जाडीचे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले आणि उताराकडची माती थोपवण्यासाठी अडीच फूट उंचीची डबरी भिंत बांधून घेतली. पावसाळा संपेपर्यंत भिंतीलगतचे ब्लॉक खोलगट झाले, कडेची ओळ बाहेर सरकली आणि भिंतीचा माथा अंगणाकडे बोटभर झुकला. ठेकेदाराच्या मते 80 मिमीचे ब्लॉक घ्यायला हवेत. हा खर्च सार्थकी लागेल का?

उत्तर (ऐरोली, स्थापत्य अभियंता):
जाड ब्लॉकांवर पैसे घालू नयेत. पेव्हर ब्लॉकांसाठीच्या आयएस 15658 या भारतीय मानकाच्या 2006 च्या आवृत्तीत केवळ पायी वापराच्या जागेसाठी 50 मिमीचे ब्लॉकही चालतात. आपल्याकडे गाडी येत नसेल, तर 60 मिमी भरपूर झाले. खचला आहे तो खालचा थर. ब्लॉक उचलून त्यांच्याखाली सुमारे 20 सेंटिमीटर खोदून, चिकट मातीवर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कापड) अंथरून, बारीक-मोठ्या मिश्र खडीचा 15 सेंटिमीटरचा थर दोन भागांत घालावा आणि प्रत्येक भाग प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट पत्र्याचे, थरथरून थर दाबणारे यंत्र) दाबावा. धुम्मस फक्त कोपऱ्यांपुरता. त्यावर तीन सेंटिमीटर वाळू, घरापासून दूर जाणारा पन्नासास एक ढाळ आणि कडेला काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब, म्हणजे काठ अडवणारा ठोकळा. कर्बाशिवाय कडेची ओळ सरकणारच.

भिंतीत वीप होल, म्हणजे मागचे पाणी बाहेर सोडणारी छिद्रे, आहेत का?

प्रश्नकर्ता:
तीन नळ्या आहेत, परंतु जुलैच्या मुसळधार पावसातही त्यांतून थेंब आला नाही. एकीत काडी घातली, तर ती चिखलाने माखून बाहेर आली.

उत्तर (ऐरोली):
मग दोन्ही दुखण्यांचे मूळ तिथेच असावे. पाऊण मीटर उंचीच्या भिंतीवर कोरडी माती दर मीटर लांबीला ढोबळमानाने पावणेदोनशे किलोचा आडवा रेटा देते. मागे माथ्यापर्यंत पाणी तुंबले की तोच रेटा साडेतीनशेच्या घरात जातो. नळ्या बुजल्यामुळे ते पाणी पायाखालून अंगणात उतरले आणि ब्लॉकखालचा थर मऊ पडला.

कललेली भिंत ढकलून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. ती उतरवून तोच काळा दगड वापरावा. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी, पहिला थर जमिनीत सहा ते नऊ इंच गाडावा आणि दर्शनी बाजूस फुटाला एक इंच मातीकडे कल द्यावा. पाठीमागे एक फूट रुंदीची स्वच्छ खडी जिओटेक्स्टाइलमध्ये गुंडाळून भरावी, तळाशी छिद्रांचा पाइप टाकून त्याचे तोंड गटारात काढावे आणि वीप होल मीटर-दीड मीटरवर ठेवावेत. त्यांचे पाणी पुन्हा ब्लॉकखाली जाऊ नये म्हणून भिंतीच्या पायथ्याशी उथळ पन्हळ हवी. ठेकेदार नेमकी हीच गाळतात.

उत्तर (ठाणे, घोडबंदर रस्ता):
ब्लॉकखाली वाळूऐवजी ग्रिट (खडी फोडताना निघणारा चुरा) घालू देऊ नये, ही माझी भर. ते स्वस्त पडते, मिस्त्रींनाही सोयीचे वाटते. परंतु त्यातील पिठासारखी भुकटी पाणी धरून ठेवते आणि आपल्याकडच्या पावसात तिचा राडा होतो. नदीची वाळू मिळत नसल्यास धुतलेली क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) घ्यावी. सांध्यांत मात्र बारीक कोरडी वाळू झाडूने भरून कॉम्पॅक्टर फिरवावा आणि पुन्हा भरावी.

प्रश्नकर्ता:
पीसीसी (सळया नसलेले साधे काँक्रीट) ओतून त्यावर ब्लॉक बसवले, तर खचण्याचा प्रश्नच मिटणार नाही का?

उत्तर (ऐरोली):
पीसीसीला निचऱ्याची छिद्रे ठेवली नाहीत, तर सांध्यांतून उतरलेले पाणी वाळूतच अडकते आणि ब्लॉक डुगडुगतात. आपल्या अंगणाला त्याची गरज दिसत नाही. आधी भिंत पूर्ण करावी, तिच्या मागे नळीने भरपूर पाणी सोडून ते पाइपातून गटारात पोहोचते का ते पाहावे आणि मगच ब्लॉकांना हात लावावा. भिंत चार फुटांपर्यंत वाढवायची असेल किंवा वरच्या उतारावर कोणाचे बांधकाम असेल, तर हे आकडे लागू नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा करून घ्यावा.