जुनं घर, नवं छप्पर: न्यू जर्सीत विम्याच्या कोटमध्ये एवढा फरक का?

नवखा_घरमालक

न्यू जर्सीत १९३८ सालचं स्वतंत्र घर घेतोय. ऑफर मंजूर आहे, इन्स्पेक्शनच्या (घर तपासून घेण्याच्या) मुदतीचे दहा दिवस उरलेत. ॲस्फाल्ट शिंगलचं (डांबरी पट्ट्यांचं) छप्पर २०२१ मध्ये बदललं असं लिस्टिंगमध्ये (विक्रीच्या जाहिरातीत) ठळक लिहिलं होतं, म्हणून विमा स्वस्त पडेल असं धरून चाललो होतो. पहिला कोट (कंपनीने सांगितलेला प्रीमियम) वर्षाला २,१५० डॉलर, दुसरा २,९००, आणि तिसरी कंपनी वायरिंगची माहिती दिल्याशिवाय आकडाच सांगत नाही. छपराची माहिती तिघांनाही एकच दिली आहे.

१. नव्या छपराने प्रीमियम उतरायला नको का?
२. टाउनशिपकडे (स्थानिक पालिकेकडे) चौकशी केली तर २०२१ च्या छपराचं परमिटच नोंदलेलं नाही. गडबड आहे का?
३. घराची किंमत ५ लाख ६० हजार डॉलर, पण कोटमध्ये घराचं कव्हरेज (विम्याची रक्कम) ६ लाख ९० हजार. ते कमी करून मागता येईल का?
४. स्वस्त कोटमध्ये छपरापुढे 'ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू' लिहिलंय. त्याने काय फरक पडतो?

पागोळी

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. प्रीमियम हा एकच आकडा दिसत असला तरी बहुतेक कंपन्या आग, पाण्याची गळती, वारा-गारा, चोरी, लायबिलिटी (दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई) असा धोक्यागणिक वेगळा हिशेब करून मग बेरीज मांडतात. छपराचं वय मुख्यतः वारा-गारांच्या रकान्यात मोजलं जातं. टेक्सास-कोलोरॅडोत गारांमुळे तो रकाना जड असतो, तिथे नव्या छपराने बिल चांगलंच उतरतं. न्यू जर्सीत समुद्रापासून आत असाल तर तो रकाना मुळात लहान, त्यामुळे सूटही लहानच. इथे नव्या छपराचा खरा उपयोग असा की कंपनी तुम्हाला दारातूनच परत पाठवत नाही.

आग आणि पाणी हे दोन रकाने ठरतात ते वायरिंग, नळ आणि हीटिंगवर. तिसरी कंपनी अडून बसली आहे ती उगाच नाही. १९३८ च्या घरात पुढच्या गोष्टी इन्स्पेक्टरसोबत स्वतः उभं राहून बघा.

माळ्यावर आणि बेसमेंटच्या छताशी टॉर्च मारा. लाकडाला ठोकलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या गुंड्या, आणि त्यांवरून एकमेकींपासून अंतर राखून जाणाऱ्या दोन सुट्या तारा दिसल्या तर ते नॉब-अँड-ट्यूब. या तारा भोवतालच्या हवेने थंड राहतील अशा बेताने बसवलेल्या असतात. नंतर कोणी माळ्यावर इन्सुलेशन पसरलं की त्या त्याखाली गाडल्या जातात आणि तापतात. चालू स्थितीतलं नॉब-अँड-ट्यूब अनेक कंपन्या घेतच नाहीत. दोन-चार गुंड्या दिसल्या म्हणून लगेच घाबरू नका, तारा कापून निकामी केलेल्या असू शकतात. तसं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्या.

विजेच्या पॅनेलचं दार उघडून कंपनीचं नाव वाचा. 'फेडरल पॅसिफिक' किंवा ब्रेकरवर 'स्टॅब-लॉक' लिहिलं असेल तर ते पॅनेल बदलण्याचा खर्च घराच्या वाटाघाटीत धरा. ते ब्रेकर ओव्हरलोड झाल्यावर ट्रिप न होण्याबद्दल बदनाम आहेत आणि अंडररायटरला (विमा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला) हे नाव पाठ असतं. झिन्स्कोचंही तेच. फ्यूज बॉक्स किंवा ६० ॲम्पची सर्व्हिस (वीजजोडणी) असेल तरी नकार येऊ शकतो.

पाण्याचा पाइप घरात शिरतो तिथे किल्लीने हलकं खरवडा आणि फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा. तांब्याचा रंग दिसला, मॅग्नेट चिकटलं नाही: तांबं. करडा रंग आणि मॅग्नेट चिकटलं: गॅल्व्हनाइज्ड लोखंड, आतून गंजून बोळ अरुंद झालेला असणार. मऊ लागलं, चकचकीत रुपेरी ओरखडा उठला आणि मॅग्नेट चिकटलं नाही: शिसं.

राहिली तेलाची टाकी. या काळातली बरीच घरं हीटिंग ऑइलवर होती आणि टाकी अंगणात पुरलेली असायची. आज घर गॅसवर असलं तरी जुनी टाकी जमिनीत राहिलेली असू शकते. गळती झालेली माती साफ करण्याचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. क्लोजिंगआधी (व्यवहार पूर्ण होण्याआधी) टँक स्वीप, म्हणजे जमिनीत टाकी आहे का याची तपासणी, करून घ्या, टाकी आधीच काढलेली असेल तर त्याचे कागद मागा.

वळचण

परमिटचं आधी सांगतो, कारण यावर लोक विनाकारण झोप उडवून घेतात. न्यू जर्सीत मार्च २०१८ पासून स्वतंत्र एक-दोन कुटुंबांच्या घराचं छप्पर-आच्छादन बदलणं 'साधारण देखभाल' या सदरात मोडतं. त्याला परमिट लागत नाही. २०२१ च्या कामाची नोंद टाउनशिपकडे नसणं हे अगदी अपेक्षित आहे. (जोडघर किंवा टाउनहाउस असतं तर गोष्ट वेगळी.)

पण याचाच दुसरा अर्थ असा की तारखेचा सरकारी पुरावाही नाही आणि हे काम कोणी अधिकाऱ्याने तपासलेलंही नाही. तेव्हा विक्रेत्याकडून कंत्राटदाराचं बिल मागा. त्यावर पत्ता, तारीख, पैसे पूर्ण मिळाल्याची नोंद आणि '१३व्हीएच'ने सुरू होणारा कंत्राटदाराचा राज्य नोंदणी क्रमांक हवा. किती स्क्वेअर केले ते बघा (एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट) आणि घराच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहा. फक्त पुढची बाजू नवी करून 'न्यू रूफ' म्हणणारे कमी नाहीत. विमा कंपन्या हवाई फोटो बघतात, त्यांना दोन रंग लगेच दिसतात.

जुनी शिंगलं उपटून काढली की त्यांच्यावरच नवी ठोकली, हा सगळ्यात मोठा प्रश्न. उतरत्या कडेशी शिडी लावून थर मोजा. एकाच थराची कड पातळ आणि सरळ दिसते, दोन थर असले की जाड, जरा लाटेसारखी. कोड (बांधकामाचे नियम) दोनपेक्षा जास्त थर चालवून घेत नाही.

मग माळ्यावर जाऊन खालून बघा. त्या काळी छपराला सहसा प्लायवूड वापरत नसत, वाशांवर फळ्या असायच्या. मूळ आच्छादन सिडर लाकडाचं असेल तर फळ्यांमध्ये मुद्दाम फटी सोडलेल्या असतात. त्यावर प्लायवूड किंवा ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेला तक्ता) न घालता शिंगल ठोकली की बरेच खिळे फटीत उतरतात आणि कशालाच धरत नाहीत. माळ्यावरून नुसती खिळ्यांची टोकं लटकताना दिसली तर पहिल्या मोठ्या वाऱ्यात शिंगल उडणार हे समजून चाला.

गळती शिंगलच्या मधून क्वचितच होते, जोडांतून होते. चिमणीपाशी पायऱ्यापायऱ्यांची धातूची फ्लॅशिंग (जोड झाकणारी पट्टी) नवी आहे की जुनीवर डांबर फासलंय ते बघा. व्हेंट पाइपभोवतीचं रबरी बूट शिंगलच्या कितीतरी आधी चिरतं.

नवखा_घरमालक

बिल मिळालं. नोंदणी क्रमांक आहे, 'रूफ-ओव्हर' असं लिहिलंय, १४ स्क्वेअर. मागच्या पोर्चच्या सपाट छपराचा उल्लेख नाही. पॅनेल १०० ॲम्पचं, ब्रेकरवालं, वरच्या दोन्ही नावांपैकी नाही. गुंड्या दिसल्या नाहीत.

वळचण

रूफ-ओव्हर म्हणजे जुन्यावर नवं. बेकायदा नाही, पण 'नवं छप्पर' म्हणून जी किंमत मनात धरली होती ती धरू नका. खालच्या थराचे उंचवटे वर उमटतात, कडेला आइस बॅरियर (बर्फाचं पाणी आत शिरू न देणारा शिंगलखालचा थर) घालता येत नाही, फळ्या कुजल्या आहेत का हे कोणी पाहिलेलं नसतं. पुढच्या वेळी दोन्ही थर उपटावे लागतील, तो खर्च तुमचा. काही कंपन्या दोन थरांच्या छपराला नाही म्हणतात, म्हणून एजंटला हे आत्ताच लेखी सांगा. आत्ता लपवलं आणि क्लेमच्या वेळी ॲडजस्टरने (नुकसान तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाने) कड उचलून पाहिली, तर चुकीची माहिती दिल्याचा मुद्दा तुमच्याच अंगावर येतो.

पोर्चचं छप्पर वेगळं मोजलं जातं. उतार १२ इंचाला २ इंचांपेक्षा कमी असेल तर तिथे शिंगल चालतच नाही, रोल किंवा मेम्ब्रेन (सलग चादर) असतं आणि ते बहुतेक मुख्य छपराहून जुनं. अंडररायटर मग सगळ्यात जुन्या भागाचं वय धरून बसू शकतो. पोर्चचं स्वतंत्र वय विचारा.

हिशेबनीस

तिसरा आणि चौथा प्रश्न.

५ लाख ६० हजारांत जमीन धरलेली आहे, ती जळत नाही. ६ लाख ९० हजार हा घर पुन्हा बांधण्याचा खर्च: मलबा उचलणं, लाकडी पट्ट्यांवरचं प्लास्टर, ओकच्या लाकडाची फरशी, आजची मजुरी. जुन्या घरात हा आकडा बाजारभावापेक्षा वर जाणं नेहमीचं. तो ओढून खाली आणू नका. पुनर्बांधणी खर्चाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी विमा असला की अर्धवट नुकसानीतही कात्री लागते. समजा खर्च ७ लाख, म्हणजे निदान ५ लाख ६० हजारांचा विमा हवा. तुम्ही ४ लाख २० हजारांचाच घेतला. स्वयंपाकघरात आग लागून ४० हजारांचं नुकसान झालं तर प्रमाण ४.२ भागिले ५.६, म्हणजे ७५ टक्के. ३० हजार धरले जातील आणि त्यातून डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा पहिला हिस्सा) जाईल.

करायचं ते एवढंच: एजंटकडून पुनर्बांधणीच्या अंदाजाचा कागद मागा आणि नोंदी तपासा. अनफिनिश्ड बेसमेंट 'फिनिश्ड' लिहिलेलं, गॅरेज जोडलेलं दाखवलेलं, क्षेत्रफळ चुकलेलं, हे सर्रास सापडतं. ते दुरुस्त झाल्यावर आकडा उतरला तर तो खरा उतरलेला.

आता कॅश व्हॅल्यू, म्हणजे वयाप्रमाणे घसारा वजा करून मिळणारी भरपाई. छपराचा खर्च १८,००० डॉलर, कंपनीने आयुष्य २० वर्षं धरलं आणि नुकसान छप्पर ८ वर्षांचं असताना झालं असं समजू. ४० टक्के घसारा गेला, उरले १०,८००. डिडक्टिबल २,५०० असेल तर हातात ८,३००, खिशातून ९,७००. तेच 'रिप्लेसमेंट कॉस्ट' (नव्याने करण्याचा पूर्ण खर्च) असेल तर आधी ८,३०० आणि काम पूर्ण करून बिल दिल्यावर राहिलेले ७,२००, म्हणजे खिशातून फक्त डिडक्टिबल. वारा किंवा हरिकेनचा डिडक्टिबल कव्हरेजच्या १ टक्का असेल तर तो ६,९०० होतो, आणि कॅश व्हॅल्यूच्या पॉलिसीत हातात पडतात ३,९००. दोन कोटमधला ७५० डॉलरचा फरक कुठून आला ते इथे शोधा. स्वस्त पॉलिसीत छपराचा कॅश व्हॅल्यू आणि टक्केवारीचा डिडक्टिबल हे दोन्ही असतील तर मी ती घेणार नाही. बचत हवी तर सर्वसाधारण डिडक्टिबल १,००० वरून २,५०० वर न्या. एवढ्या छोट्या नुकसानीसाठी क्लेम टाकणं तसंही परवडत नाही.

जुन्या घरासाठी 'ऑर्डिनन्स ऑर लॉ' कलम मात्र वाढवून घ्या. अर्धं घर जळालं तर उरलेलंही आजच्या कोडप्रमाणे करायला लावतात, आणि नेहमीच्या पॉलिसीत त्यासाठी बहुधा १० टक्केच असतात. २५ टक्के मागा. तुमच्या दोन थरांच्या छपरालाही तेच उपयोगी: वरचा थर खराब झाला तरी तिसरा ठोकता येत नाही, सगळं उपटावं लागतं. सीवर बॅकअपचं (सांडपाणी उलटं घरात येण्याचं) कलमही जोडा, ते आपोआप येत नाही. पुराचा विमा पूर्ण वेगळा.

आणि विक्रेत्याला त्या घराचा क्लू रिपोर्ट (जुन्या विमा क्लेमची नोंद) लेक्सिसनेक्सिस कंपनीकडून मागवायला सांगा. मालकाला तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, सात वर्षांपर्यंतचे क्लेम त्यात असतात. २०२१ मध्ये छप्पर का घातलं याचं उत्तर तिथे असू शकतं. पाण्याचे दोन क्लेम निघाले तर दुसरा कोट २,९०० का आला हेही कळेल.

पागोळी

वेळेचं गणित: इन्स्पेक्टरचा रिपोर्ट आला की वायरिंग, नळ, हीटिंगची वर्षं आणि दोन थरांची गोष्ट लिहून तिन्ही एजंटना एकाच ईमेलने पाठवा, आणि दहा दिवसांच्या आत नवे कोट लेखी घ्या. मुदत उलटल्यावर विमा महागला म्हणून करारातून बाहेर पडता येईल असं धरू नका, वकिलाला विचारा. कर्ज देणाऱ्या बँकेला क्लोजिंगपूर्वी बाइंडर (विमा घेतल्याचा तात्पुरता दाखला) आणि बहुतेक वेळा पहिल्या वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरल्याचा पुरावा लागतो.

पॉलिसी सुरू झाली की काम संपत नाही. पहिल्या ६० दिवसांत कंपनी माणूस किंवा ड्रोन पाठवते आणि त्या काळात पॉलिसी रद्द करणं त्यांना सोपं असतं. छपराला टेकलेल्या फांद्या, उत्तरेच्या बाजूचं शेवाळ, पायऱ्यांना नसलेला कठडा, पोपडे सुटलेला रंग, उचकटलेला फुटपाथ: पत्र यावरूनच येतं. किल्ली हातात आल्यावर पहिल्याच शनिवारी फांद्या तोडून आणि कठडा बसवून टाका. पोर्चच्या छपराचा फोटोही तारखेसह काढून एजंटकडे देऊन ठेवा.